मॉनिटर, घरचा प्रिंटर आणि ऑफसेट: रंग जुळवायचे तर प्रमाण कोणाला धरायचं?

रंगरेषा

नमस्कार मंडळी,

मी कोथरूडला घरूनच ग्राफिक डिझाइनचं काम करते. सध्या लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानासाठी पैठण्यांचा कॅटलॉग करतेय. बत्तीस पानं, आतला कागद १७० जीएसएम मॅट आर्ट, चार रंगांत ऑफसेट, दसऱ्याच्या आधी छापून हवा. फोटो चांगले आलेत, मांडणी मालकांना पसंत आहे. गाडी अडलीय ती रंगावर.

एकच राणी रंगाची पैठणी घ्या. माझ्या मॉनिटरवर ती खऱ्या साडीच्या बरीच जवळ दिसते. घरच्या इंकजेटवर फोटो पेपरवर काढली की जांभळ्याकडे झुकते. प्रेसमधून नमुन्याचं पान आलं त्यात राणी विटल्यासारखा आणि शेजारच्या मोरपंखी साडीतला निळा पार उतरलेला. मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं पान त्यांच्या मोबाईलवर आणखीच भडक दिसतं, आणि त्यांच्या मनात आता तोच रंग बसलाय.

सध्या मी इंकजेटला मॉनिटरशी जुळवायला बघतेय. ड्रायव्हरमधले स्लायडर हलवून एक साडी जुळवली की दुसरी बिघडते. प्रेसवाले म्हणतात, "मॅडम, स्क्रीनवर जाऊ नका, आमचं मशीन बरोबर आहे."

या सगळ्यांत प्रमाण कोणाला मानायचं? आणि बाकीच्यांना त्याच्याशी जुळवायची रीत काय? हा कॅटलॉग बघून सोलापूरची, नाशिकची एखादी बाई फोनवर साडी मागवणार आहे. पानावर बघितलेला रंग तिला घरी आलेल्या साडीत दिसायला हवा, म्हणून एवढं खोलात विचारतेय.

---

खिळे_आणि_शाई

रंगरेषा, नोकरीची सगळी वर्षं ऑफसेटवर गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही इंकजेटला मॉनिटरशी जुळवताय, तिथेच पेच आहे. दोघांनाही तिसऱ्याशी जुळवायचं असतं. तो तिसरा म्हणजे ज्या कागदावर, ज्या शाईने शेवटी छापणार, त्या छपाईची आकड्यांत लिहून ठेवलेली स्थिती. ऑफसेटसाठी ती आयएसओ १२६४७-२ या मानकात दिलेली आहे: कागद किती पांढरा, चारही शायांचा (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा) पूर्ण थर वाळल्यावर लॅब मोजमापात, म्हणजे रंग तीन आकड्यांत सांगायच्या पद्धतीत, कुठे बसला पाहिजे, छटा ज्या बारीक ठिपक्यांनी छापतात तो ठिपका छापताना किती फुगला पाहिजे. जर्मनीतल्या फोग्रा संस्थेने त्याप्रमाणे केलेल्या छपाईची मोजमापं प्रसिद्ध केली आहेत. आर्ट पेपरसाठी, मॅट असो वा ग्लॉस, वर्षानुवर्षं फोग्रा३९ चालत आलंय. २०१५ मध्ये नव्या कागदांसाठी फोग्रा५१ आलं, आणि मॅपलिथोसारख्या विनालेपाच्या कागदासाठी फोग्रा५२. त्यांची प्रोफाइलं, म्हणजे त्या स्थितीचं वर्णन करणाऱ्या फाइली, ईसीआय या युरोपीय संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. अमेरिकेत ग्राकोल, जपानात जपान कलर, अशी प्रत्येकाची आपापली स्थिती आहे.

ठिपका फुगणं म्हणजे काय ते एका आकड्यावरून कळेल. फाइलमध्ये ५० टक्के असलेला ठिपका आर्ट पेपरवर सुमारे ६४ टक्क्यांसारखा छापला जातो, मॅपलिथोवर सत्तरच्या आसपास. तो फुगणारच. किती फुगणार हे आधी माहीत असलं की फाइलमध्ये आणि प्लेटमध्ये त्याची तजवीज करता येते. प्रोफाइल हीच तजवीज करतं. सायनचा एक आणि मॅजेंटाचा एक स्लायडर हलवून हे जमत नाही, कारण फुगवटा प्रत्येक शाईचा, प्रत्येक छटेला वेगळा असतो, आणि दोन-तीन शाया एकमेकींवर चढल्या की तिसराच रंग तयार होतो.

आता प्रेसचं. "आमचं मशीन बरोबर आहे" म्हणजे कशाशी बरोबर, एवढंच विचारा. भांडायला म्हणून नको, माहिती म्हणून विचारा. प्लेटचा कर्व्ह, म्हणजे ठिपक्याच्या फुगवट्याची प्लेटवरची तजवीज, शेवटचा कधी काढला? शीटच्या कडेला कलर बार, म्हणजे मोजायच्या रंगचौकटींची पट्टी, छापता का? तो मोजता की नजरेने बघता? ज्यांचं काम व्यवस्थित आहे त्यांना या प्रश्नांचा राग येत नाही.

नजरेने काय होतं ते मशीनपाशी उभं राहिल्यावर कळतं. शीट ओढली, टेबलावर टाकली, सोबत आलेली पार्टी म्हणते "राणी अजून उठू द्या". मशीनमन त्या पट्ट्यातल्या मॅजेंटा शाई सोडणाऱ्या किल्ल्या उघडतो. पण किल्ली उघडली की मॅजेंटा ग्रीपरपासून (मशीन शीट पकडतं त्या कडेपासून) शीटच्या शेपटापर्यंत त्या अख्ख्या पट्ट्यात वाढतो. तुमची राणी साडी वर असेल आणि इंपोझिशनमध्ये (मोठ्या शीटवरच्या पानांच्या मांडणीत) तिच्या बरोबर खाली मॉडेलचा चेहरा आला असेल, तर त्या चेहऱ्यावर लाली चढते, गालावर चट्टा उमटल्यासारखी. मग चेहरा सावरायला पिवळा, पिवळ्यामुळे हिरवी साडी बिघडते. शंभर-दीडशे शीट वाया जाऊनही दोघं नाराजच. फाइल आणि प्लेट ठरलेल्या स्थितीला धरून असतील तर मशीनमनने फक्त कलर बार आकड्यावर आणायचा. चित्र आपोआप जागेवर येतं.

---

रंगरेषा

खूप खूप धन्यवाद! पट्ट्याचं माहीतच नव्हतं, इंपोझिशन पुन्हा उघडून बघते.

प्रेसला फोन केला. कलर बार छापतात, डेन्सिटोमीटर आहे, प्लेट बाहेरून सीटीपीवर (संगणकावरून थेट प्लेट काढणाऱ्या मशीनवर) करून आणतात. फोग्रा३९ म्हटल्यावर म्हणाले, "प्लेटवाल्यांकडे ते सेटिंग आहे, मागितलं तर देतात." आजवर कोणी मागितलंच नव्हतं.

आता माझ्या बाजूचं सांगा. मॉनिटरपासून सुरुवात करू का?

---

उजेड_मापे

हो, मॉनिटरपासूनच. मी फोटोग्राफर आहे. बालगंधर्व कलादालनात प्रदर्शनं लावताना हे सगळं करावं लागतं.

पहिलं काम, चमक कमी करा. नवा मॉनिटर खोक्यातून निघतो तो २५०-३०० कँडेलाच्या चमकेवर. छापील कागदाशी तुलना करायची तर ८० ते १२० च्या दरम्यान हवा. खूण सोपी आहे: स्क्रीनवर रिकामं पांढरं पान उघडा आणि शेजारी दिव्याखाली कोरा आर्ट पेपर धरा. स्क्रीन दिव्यासारखी आणि कागद राखाडी दिसला तर चमक जास्त आहे. छापील पान काळपट आल्याच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. रात्री स्क्रीन पिवळी करणारं सेटिंग आणि आपोआप चमक बदलणारं सेटिंग, दोन्ही बंद.

मग कलरिमीटर (स्क्रीनचे रंग मोजणारं उपकरण) लावून कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल. उपकरण विकतच घ्यायला हवं असं नाही, ओळखीतल्या फोटोग्राफरकडून एका संध्याकाळसाठी मिळतं. सॉफ्टवेअर फुकट आहे: आर्गिल आणि त्यावर चालणारं डिस्प्लेकॅल. गॅमा २.२. पांढरा बिंदू डी६५ (६५०० केल्विनचा पांढरा) धरून सुरू करा. छापील पान डी५० (५००० केल्विनच्या) दिव्याखाली शेजारी ठेवून बघणार असाल तर डी५०च्या दिशेने, कागद आणि स्क्रीनचा पांढरा डोळ्याला एक वाटेपर्यंत सरकवा. स्वस्त लॅपटॉपच्या पडद्याला पूर्ण एसआरजीबीसुद्धा (स्क्रीनसाठीची सर्वसाधारण रंगकक्षा) दाखवता येत नाही. तसा असेल तर त्यावर राणी रंगाचा निर्णय घेऊच नका.

यानंतर प्रूफ, म्हणजे छपाई कशी येईल त्याची आधीच बघायची नक्कल. फोटोशॉपमध्ये प्रूफ सेटअपमधून फोग्रा३९ निवडा, कागदाचा रंग दाखवण्याची खूण करा आणि कंट्रोल-वाय दाबा. चित्र एकदम मरगळल्यासारखं दिसेल. घाबरू नका. मेनू आणि पॅलेटचा झगझगीत पांढरा शेजारी असल्यामुळे तसं वाटतं. फुल स्क्रीन करा, मिनिटभर बघत राहा, डोळे सरावतात. छापून येणार आहे ते हेच.

आणखी एक. फोटोशॉपचं मूळ सेटिंग अमेरिकेचं असेल तर सीएमवायके (चार शायांचा हिशेब) म्हणून यू.एस. वेब कोटेड स्वॉप लागू होतं. ते तिकडच्या रोल-फेड मासिक छपाईसाठी आहे. आपल्याकडच्या शीट-फेड आर्ट पेपरच्या कामाला युरोप प्रीप्रेस ३ निवडा, त्यात फोग्रा३९ आपोआप येतं. इनडिझाइनमध्येही तेच ठेवा, नाहीतर एकाच पानावर दोन हिशेब होतात.

---

अबोली

मी तांत्रिक काही नाही सांगू शकत, पण साड्यांच्या दुकानात बरीच वर्षं काम केलंय. राणी आणि मोरपंखी साडी बायका कधीच ट्यूबखाली पसंत करत नाहीत. घडी उचलून दुकानाच्या दारात नेतात, उजेडात बघतात, मगच "हीच द्या". आत जुळणारा ब्लाउजपीस बाहेर जुळत नाही, हे रोजचं. रंगरेषा, तुम्ही साडी आणि पान कुठल्या दिव्याखाली ठेवून बघता?

---

स्पेक्ट्रो_पर्वती

अबोलीताई, तुम्ही सांगितलंत तेच इथलं सगळ्यात तांत्रिक आहे. याला मेटामेरिझम म्हणतात. रेशमावरचा रंग आणि ऑफसेटची मॅजेंटा शाई ही वेगवेगळी रसायनं. एका उजेडात दोन्ही डोळ्याला सारखी दिसतात, उजेड बदलला की फारकत होते. म्हणून छपाईत बघायचा उजेडसुद्धा ठरलेला आहे: आयएसओ ३६६४ प्रमाणे डी५०, म्हणजे ५००० केल्विनचा दिवसासारखा प्रकाश. बारकाईने तुलना करायला २००० लक्स, साधारण बघायला ५०० लक्स. भिंती आणि टेबल करडे हवेत. गुलाबी भिंतीच्या खोलीत बसून राणी रंग पास करू नये.

मी पुणे विद्यार्थी गृहात मुद्रण शिकलो, आता प्रीप्रेसमध्ये आहे. मोजमापाबद्दल दोन गोष्टी जोडतो.

डेन्सिटोमीटर शाईचा थर किती जाड आहे ते सांगतो, रंग कोणता ते सांगत नाही. दोन कंपन्यांच्या मॅजेंटाची डेन्सिटी तंतोतंत सारखी आणि रंग वेगळे, असं सर्रास होतं. रंग मोजायला स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो. तो लॅब आकडे देतो आणि ठरलेल्या आकड्यापासूनचं अंतर डेल्टा-ई मध्ये सांगतो. साधारण १ चा फरक सराईत डोळ्याला जेमतेम कळतो. मानकात छपाईच्या चार मूळ शायांच्या भरीव पट्ट्यांना डेल्टा-ई ५ पर्यंत सूट आहे. प्रेसकडे स्पेक्ट्रो नसेल तर एकदा त्यांच्या शाईचा आणि तुमच्या कागदाचा भरीव पट्टा स्पेक्ट्रोवर मोजून घ्यायचा. त्या थराला डेन्सिटी किती येते ते लिहून ठेवलं की पुढचं रोजचं काम डेन्सिटोमीटरवर भागतं.

दुसरं, कागदाचा पांढरेपणा. आजकालच्या आर्ट पेपरमध्ये ब्राइटनर भरपूर असतात. ते अतिनील किरणं शोषून निळा उजेड परत फेकतात, म्हणून कागद निळसर पांढरा दिसतो. फोग्रा३९ची मोजणी जुन्या पद्धतीची आहे, फोग्रा५१ची एम१ या पद्धतीची, ज्यात अतिनील भागही हिशेबात धरलाय. तुमचा कागद खूप निळसर पांढरा असेल तर ५१ जास्त खरं भविष्य सांगेल. पण प्लेटवाल्यांकडे ३९चा कर्व्ह असेल तर फाइल ५१ची आणि प्लेट ३९ची असं करू नका. दोन्हीकडे एकच धरा.

---

पेज_मेकर

एवढं सगळं करायलाच हवं का? आम्ही डीटीपीवाले पूर्वीपासून कलर चार्ट बघून आकडे टाकतो. राणी म्हणजे मॅजेंटा १००, केशरी म्हणजे मॅजेंटा ६० पिवळा १००. लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची कव्हरं, सगळं असंच छापून झालं. एक टेस्ट प्रिंट काढायची, डोळ्याने बघून कमी-जास्त करायचं.

---

खिळे_आणि_शाई

पेज_मेकर, सपाट रंगांना तुमची पद्धत योग्यच आहे, आजही मी तीच वापरतो. छापील चार्ट हातात असेल आणि तो त्याच कागदावरचा असेल, तर आकड्यांवर विश्वास ठेवावा, स्क्रीनवर नाही. अक्षरं तर फक्त काळ्या शाईतच ठेवावीत. आरजीबी (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्याच्या हिशेबातला) काळा जसाच्या तसा बदलला की चारही शायांत मोडतो आणि बारीक अक्षरांच्या कडा रंगीत, गढूळ होतात. हे कॅटलॉगमधल्या किमतींना नेमकं नडतं.

फोटोचं मात्र वेगळं आहे. पैठणीच्या पदरात एकेका इंचात शेकडो छटा असतात, तिथे आकडे टाकणार कसे? आणि डोळ्याने केलेली दुरुस्ती त्याच कागदापुरती, त्याच शाईपुरती, त्याच उजेडापुरती. उद्या कागद आर्टवरून मॅपलिथोवर गेला की पहिल्यापासून सुरुवात. रंगरेषा तेच करत होत्या, म्हणून एक साडी जुळली की दुसरी बिघडत होती.

---

रंगरेषा

मॉनिटर झाला. मैत्रिणीचा कलरिमीटर मिळाला. प्रूफ बघितलं, आणि प्रेसमधून आलेल्या नमुन्याच्या पानाच्या ते आश्चर्य वाटावं इतकं जवळ आहे. म्हणजे प्रेसवाले खरंच बरोबर होते!

पण मग राणी रंगाचं काय? प्रूफमध्येही तो विटलेलाच दिसतो. आणि पदराच्या चुण्या दिसेनाशा झाल्यात, सपाट गुलाबी पट्टा झालाय.

---

स्पेक्ट्रो_पर्वती

आता खऱ्या अडचणीपाशी आलात.

रेशमावरचा राणी रंग चार शायांच्या आवाक्याबाहेर आहे. १०० टक्के मॅजेंटापेक्षाही तो तेजस्वी आहे, आणि १०० च्या वर शाई टाकता येत नाही. मोरपंखी, झळाळता जांभळा, गडद केशरी यांची हीच गत. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-शिफ्ट-वाय दाबा, आवाक्याबाहेरचा भाग करडा होईल. बघालच, अर्धी साडी करडी होते.

चुण्या जातात त्याचं कारण हेच. मूळ फोटोत उजळ राणी, मध्यम राणी, गडद राणी असे टप्पे आहेत. रिलेटिव्ह कलरिमेट्रिक या रूपांतराच्या पद्धतीने बदललं की आवाक्याबाहेरचे सगळे टप्पे कडेला येऊन एकाच जागी चिकटतात. पर्सेप्च्युअल हा दुसरा प्रकार निवडून बघा. तो सगळे रंग थोडे आत ओढतो, म्हणजे एकंदर तेज जरा कमी होतं पण टप्प्यांमधलं अंतर राहतं. साड्यांना मी बहुतेक वेळा हाच वापरतो. काही फोटोंना मात्र रिलेटिव्ह आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (मूळचा काळा छपाईच्या काळ्याशी जुळवणारी सोय) जास्त शोभतं. दोन्ही करून शेजारी ठेवून ठरवा, सरसकट एकच लावू नका.

याहून चांगलं म्हणजे आरजीबीतच, प्रूफ चालू ठेवून, फक्त त्या साडीचं सॅच्युरेशन हळूहळू उतरवा. चुण्या परत दिसायला लागल्या की थांबा. मग सीएमवायके केल्यावर चॅनेल उघडून बघा. राणीच्या उजळ भागात सायन आणि पिवळा दोन्ही थोडे-थोडे शिरले असतील तर रंग मळतो. ते तिथून काढा, सावलीत राहू द्या. नुसत्या या एका दुरुस्तीने राणी उठून दिसतो. शेजारची पार्श्वभूमी फिकट करडी ठेवलीत तर डोळ्याला आणखी तेजस्वी वाटेल. लाल-गुलाबी पार्श्वभूमीवर कधी ठेवू नका.

आणि अगदी तोच रंग हवा असेल तर पाचवी शाई. ऱ्होडामाइनची गुलाबी शाई स्पॉट म्हणून घ्यायची, राणी साड्यांपुरता तिचा वेगळा चॅनेल करायचा. पाच युनिटचं मशीन लागतं, प्लेट वाढते, खर्च वाढतो. बत्तीस पानांना परवडणार नाही, पण कव्हरवर राणी पैठणी असेल तर तिथे जरूर विचार करा.

---

उजेड_मापे

स्पेक्ट्रोला अनुमोदन. फोटोकडूनही थोडी मदत होते. शूट पुन्हा होणार असेल तर प्रत्येक लाइट सेटअपला चोवीस चौकटींचा कलरचेकर एका फ्रेममध्ये धरा. त्यावरून कॅमेऱ्याचं प्रोफाइल आणि करडा दोन्ही बसतात. राणी आणि जांभळा कॅमेऱ्यालाही डोळ्यासारखे दिसत नाहीत, त्यामुळे साडी शेजारी ठेवून एकदा हाताने दुरुस्ती करावीच लागते.

धूपछाव पैठणी असेल तर वेगळं सांगतो. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. दिवा समोरून मारला तर एक रंग, बाजूने मारला तर दुसरा. त्यातला खरा कुठला, हे कुठलंही प्रोफाइल सांगणार नाही. अशा साडीचा एक सरळ फोटो आणि एक घडी मोडलेला, तिरक्या उजेडातला फोटो शेजारी शेजारी द्या. मागवणाऱ्या बाईला तेवढ्यानेच नीट कळेल.

---

रंगरेषा

चुण्या आल्या! पर्सेप्च्युअल आणि हलका सॅच्युरेशन उतार, स्पेक्ट्रो म्हणाले तसंच. धूपछाव साड्यांना दोन फोटोंची जागा करतेय.

आता इंकजेट. मालक स्क्रीनवर विश्वास ठेवणार नाहीत, त्यांना हातात कागद हवा. माझ्या इंकजेटवर प्रेससारखं पान काढता येईल का? आणि मोबाईलवर काय पाठवू?

---

उजेड_मापे

येईल. घरगुती इंकजेटचा ड्रायव्हर आरजीबीच मागतो, आत शाया कितीही असोत. म्हणून त्याला सीएमवायके फाइल थेट देऊन उपयोग नाही. फोटोशॉपच्या प्रिंट विंडोमध्ये रंगांचं काम फोटोशॉपकडे द्या, प्रिंटर प्रोफाइल म्हणून तुमच्या कागदाचं प्रोफाइल निवडा, खाली नॉर्मल ऐवजी हार्ड प्रूफिंग (छपाईची कागदावरची नक्कल) घ्या आणि प्रूफ म्हणून फोग्रा३९, कागदाच्या रंगासकट. मग ड्रायव्हरमध्ये जाऊन त्याची स्वतःची रंगदुरुस्ती पूर्ण बंद करा. दोन्हीकडे चालू राहिली तर दोनदा दुरुस्ती होते आणि सगळं मॅजेंटाकडे झुकतं. तुमचा जांभळट राणी बहुधा यातलाच आहे.

प्रोफाइल कागदनिहाय असतं. कागद बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळावर प्रिंटरच्या मॉडेलप्रमाणे मिळतं, आणि त्यात सांगितलेला मीडिया टाइपच निवडायचा. बाहेरची रिफिल शाई असेल तर ते प्रोफाइल लागू पडत नाही, स्वतःचं करून घ्यावं लागतं. चकचकीत फोटो पेपर टाळा, त्यावरचा काळा मॅट आर्टपेक्षा फार खोल दिसतो. सेमी-मॅट प्रूफिंग पेपर घ्या. प्रिंट रात्रभर वाळू द्या, मगच रंगावर बोला.

मोबाईलसाठी: पान आधी फोग्रा३९मध्ये न्या, मग तिथून एसआरजीबीत परत आणा आणि तेच पाठवा. छपाईत जे तेज जाणार आहे ते आधीच गेलेलं असेल, त्यामुळे मालकांच्या मनात खोटा रंग बसणार नाही. तरी मोबाईलवर रंग पास करून घेऊ नका, फक्त मांडणी.

---

स्पेक्ट्रो_पर्वती

एक महत्त्वाचं. घरचं हार्ड प्रूफ मालकांशी बोलायला पुरेसं आहे, प्रेसशी करार करायला नाही. करार प्रूफ आयएसओ १२६४७-७ प्रमाणे असतं. त्याच्या कडेला फोग्राची ७२ चौकटींची मीडिया वेज छापलेली असते, ती स्पेक्ट्रोवर मोजून निकालाचं लेबल चिकटवतात. सगळ्या पानांचं काढायची गरज नाही. राणी, मोरपंखी, केशरी, एक चेहरा आणि एक फिकट रंगाची साडी एकत्र असलेलं एकच पान प्रीप्रेसमधून काढून घ्या. मशीनवर तेच शेजारी ठेवायचं.

फाइल पीडीएफ/एक्स-४ (छपाईसाठीचा पीडीएफ प्रकार) करून द्या, आउटपुट इंटेंट फोग्रा३९. म्हणजे ही फाइल कुठल्या छपाईसाठी बनली ते फाइलच सांगते. ऑर्डरमध्येही एक ओळ लिहा: "छपाई फोग्रा३९ प्रमाणे, सोबतच्या करार प्रूफशी डी५० उजेडात तुलना करून." लेखी असलं की नंतर कोणाचाच कोणावर राग राहत नाही.

---

खिळे_आणि_शाई

काम दसऱ्याच्या आधीचं, म्हणजे छपाई पावसातच होणार, म्हणून हेही लिहितो.

पुण्यातल्या पावसाळ्यात कागद ओल धरतो. कडा लहरी होतात, शीट फुगते आणि चौथा रंग पहिल्यावर नेमका बसत नाही. रजिस्टर सुटलं की जरीची बारीक बुट्टी अस्पष्ट होते आणि लोक म्हणतात रंग चुकला. कागद आदल्या दिवशीच मशीनच्या खोलीत आणून ठेवायला सांगा. रॅपर लगेच फोडू नका, खोलीच्या तापमानाला आला की मगच. शक्य असेल तिथे खोली २३ अंश आणि ५०-५५ टक्के आर्द्रतेच्या आसपास ठेवतात.

मशीनवर पास करायला जाल तेव्हा ताजी शीट ओली असते. ओली शाई जास्त चमकते, जास्त गडद दिसते. वाळल्यावर उतरते, आणि मॅट कागदावर जास्तच उतरते. डेन्सिटोमीटरला पोलरायझिंग फिल्टर असेल तर हा फरक मोजणीत कमी होतो. नसेल तर पहिली चांगली शीट काढून बाजूला वाळवा आणि तासाभराने पुन्हा प्रूफशेजारी धरा. घाई असली तरी हे टाळू नका. रंग नेमका याच तासात हातचा जातो.

---

पेज_मेकर

मलाही नवं कळलं बरंच, धन्यवाद. एक शंका. कव्हरला मॅट लॅमिनेशन असतं ना? प्रूफ तर विनालॅमिनेशनचं.

---

स्पेक्ट्रो_पर्वती

बरोबर पकडलंत. मॅट लॅमिनेशनने गडद भाग फिकटतो, काळा करडा होतो, रंगांचं तेज थोडं जातं. ग्लॉसने उलट, खोली वाढते. ही प्रोफाइलं लॅमिनेशन न धरता केलेली असतात. म्हणून कव्हरच्या नमुन्याच्या शीटवर लॅमिनेटरकडून त्याच फिल्मचा तुकडा चढवून घ्या आणि तो बघून कव्हरची राणी साडी ठरवा. कव्हरला ग्लॉस फिल्म चालत असेल तर रंगासाठी तीच बरी.

आणि रंगरेषा, कव्हरला ऱ्होडामाइनची पाचवी शाई घेणार असाल तर शाई घेतानाच "लॅमिनेशनला चालणारी" असं स्पष्ट सांगा. साधी ऱ्होडामाइन काही चिकटद्रव्यांखाली आणि कोटिंगखाली पसरते, रंग बदलते. टिकाऊ प्रकार वेगळा मिळतो, महाग असतो.

---

रंगरेषा

कव्हरवर राणी पैठणीच आहे, म्हणजे हे अगदी वेळेवर सांगितलंत. मालकांशी बोलले. कव्हरला पाचवी शाई आणि ग्लॉस फिल्म, आतल्या पानांना चार रंग, असं ठरतंय. शाईवाल्यांकडून टिकाऊ प्रकाराचा नमुना मागवलाय, प्रीप्रेसला करार प्रूफचं पान दिलंय, आणि इंपोझिशनमध्ये राणी साड्यांच्या पट्ट्यातून चेहरे हलवले. पास करायला जाताना साडी सोबत नेणार आहे. प्रेसमध्ये डी५० दिवा आहे का, ते विचारून घेते.